ओडेल ब्रेक्केचं गिरमिट

आमच्या दुकानात मागच्या भिंतीवर मासे धरायला तळ्याच्या बर्फाला भोकं पाडायची गिरमिटं टांगलेली असतात. वरच्या रांगेत पेट्रोलची, खालच्या रांगेत हातानं फिरवायची. वरचं घेणारा गडी आत शिरताच ओळखू येतो, कारण तो इंजिन बघण्याआधी आपल्याला कोण कोण बघतंय ते बघतो. खालचं घेतात ती शहरातून आलेली हौशी मंडळी, नाहीतर म्हातारे, नाहीतर हात आखडता असलेले. वडिलांच्या मागे तीस वर्षं मी या गल्ल्यावर बसले आहे. कोण काय घेतो आणि का घेतो, हे मला कुणी सांगायला नको, अशी माझी समजूत होती. ती ओडेल ब्रेक्केनं खोटी ठरवली, आणि त्यासाठी त्यानं तोंडातून चकार शब्दही काढला नाही.

ओडेल आमच्या हॉल्वर गावचाच. मिनेसोटाच्या वरच्या टोकाला गाव, गावाला लागून तळं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून ते मार्चपर्यंत तळ्यावर गावापेक्षा जास्त माणसं. सॉ मिलमध्ये तो करवतींना धार लावायचा. उंच, खांदे पुढं आलेले, कानावर ओढलेली टोपी, आणि कधीही विचारा कसा आहेस, तर उत्तर एकच, वाईट नाही. मिलमध्ये पट्ट्यात सापडून त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीचं पेर गेलं, त्या दिवशी डॉक्टरलाही त्यानं हेच सांगितलं होतं.

एकाहत्तर साली ओडेल तीस वर्षांचा होता. तोवर आमच्याकडे सगळे पहारीनं भोक पाडायचे. दोन फूट बर्फ फोडेपर्यंत घाम यायचा, आणि तो घाम अंगावरच गोठायचा. त्यानं माझ्या वडिलांकडून तळ्यावरचं पहिलं पेट्रोलचं गिरमिट घेतलं. मी तेव्हा दुकानात झाडू मारत होते, मला अजून आठवतंय त्याचं तोंड. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच बर्फावर मासेमारीसाठी उभारलेल्या प्रत्येक खोपट्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, पाडून देऊ का एखादं? कुणी बोलावलं नव्हतं. मिनिटभरात खालचं पाणी वर उसळायचं आणि तो असा हसायचा, जसा काही ते पाणी त्यानंच तिथं ठेवलं होतं. अशाच एका खोपट्यात मार्लिस बसली होती, बापाबरोबर, मांडीवर दहा वर्षांचा भाऊ डुवेन पेंगत. तिच्यासाठी ओडेलनं त्या दिवशी गरज नसताना चार भोकं पाडली. पुढच्या जूनमध्ये त्यांचं लग्न झालं.

आता आमच्या तळ्याचा एक नियम सांगते, कारण सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. आमच्याकडे गिरमिट उसनं देत नाहीत. पूर्वी दोन शेजाऱ्यांमध्ये असं एक दिलं गेलं, ते भोकात अडकून गोठलं, दांडा वाकला, आणि ते दोघं मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. चर्चमध्ये बाक मात्र एकच. तेव्हापासून ठरलं की यंत्र द्यायचं नाही, यंत्राबरोबर त्याचा माणूस जायचा. तो येतो, भोकं पाडतो, कॉफी पितो आणि पुढं जातो. दिसायला किती छान. पण ज्याच्याकडे यंत्र, त्याचा शनिवार गेला.

आमच्या बाजूला चौदा खोपटी. प्रत्येकात तीन-चार भोकं, आणि आठवड्याभरात ती परत गच्च होतात. बत्तीस वर्षं ओडेल दर शनिवारी उजाडताच तळ्यावर उतरायचा आणि सगळ्यांचं उरकून स्वतःच्या खोपट्यात पोचेपर्यंत दोन वाजलेले असायचे. साडेचारला आमच्याकडे सूर्य मावळतो. मध्ये दोन-तीन जणांनी स्वतःची यंत्रं घेतली, पण कुणाचं बिघडलं, कुणी विकून टाकलं. ओडेल आहे ना, मग कशाला? वर्षानुवर्षं मी हे वाक्य ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं. त्या चौदातलं एक खोपटं माझं आहे.

मार्लिसला दमा. आमच्या जानेवारीत बाहेरची हवा छातीत सुरीसारखी जाते, चांगल्या माणसालाही तोंडावर रुमाल धरावा लागतो. डॉक्टरनं तिला तीन वर्षांपूर्वी साफ सांगितलं होतं की हिवाळा कोरड्या, उबदार जागी काढा. तिची बहीण ॲरिझोनात टूसॉनला राहते, घरात एक खोली रिकामी. तीन वर्षं ती ओडेलला म्हणत होती, चल जाऊ. ओडेल म्हणायचा, बघू. बघू म्हणजे भोकं. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यातच तिनं तीन जानेवारीचं विमानाचं तिकीट काढलं, एकच, आणि त्याला सांगितलं की दुसऱ्याचं तू ठरव. म्हणाली, मी एकटी राहायला भीत नाही, पण एकटी राहायला मी लग्न केलं नव्हतं. हे तिनं मला नंतर सांगितलं. गावात सगळे धरून चालले होते की ती जाईल आणि तो राहील.

त्याच्या आधीच्या मार्चमध्ये ओडेलच्या जुन्या गिरमिटाचं इंजिन जळलं. ते घेऊन तो दुकानात आला, गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाला, संपलं. मी हळहळले. त्यानं गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बशीतला डोनट उचलला आणि उभ्याउभ्या खाल्ला. हे कुणाला विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे समोर आलेल्या वस्तूला दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. पहिल्याच वेळी हात घालणारा हावरट, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणणारा शिष्ट. माझे वडील म्हणायचे, आपल्या गावात बुडणाऱ्याला दोर टाकला तर तोही दोनदा नको म्हणेल. आणि इथं ओडेल ब्रेक्केनं कुणी विचारलं नसताना डोनट खाल्ला, तोही साखरेचा. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ऑक्टोबरात तो दर शनिवारी दुकानात यायला लागला. वरच्या रांगेसमोर उभा राहायचा, शिष्टाचार म्हणून दोन-चार इंजिनांना हात लावायचा, आणि मग खाली वाकून हातानं फिरवायचं सहा इंची गिरमिट उचलायचा. निळ्या दांड्याचं, वजनाला काहीच नाही. हवेतच गरगर फिरवून बघायचा. असं तीन शनिवार चाललं.

तिसऱ्या शनिवारी त्यानं मला विचारलं, "लव्हॉन, यानं दिवसाला किती भोकं पडतील?"

"तुझी स्वतःची दोन. तिसऱ्याला खांदा निखळेल. दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं नाही ते."

"नाही ना?" तो म्हणाला.

"अजिबात नाही."

तो खूश दिसला. मला वाटलं, बिचारा लाज झाकतोय. मिलनं त्या वर्षी निवृत्तांच्या पैशात हात घातला होता हे गावाला ठाऊक होतं. मी हिशोब केला की ओडेल तंगीत आहे, पेट्रोलचं परवडत नाही, आणि सांगणार तर कुणाला नाही. बत्तीस वर्षं गावासाठी राबलेला माणूस म्हातारपणी हातानं भोकं पाडणार, या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मूर्ख बाई. त्याला मी म्हटलं, आज घेऊ नकोस, पुढच्या महिन्यात स्वस्त होईल. आणि तो गेल्याबरोबर फोन उचलून डुवेनला सांगितलं.

मार्लिसचा भाऊ डुवेन आता बेचाळीस वर्षांचा. नळाची कामं करतो, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. बर्फात कुणाची गाडी रुतली तर ओढायला पहिला तोच धावतो. त्यानं दोन दिवसांत सगळ्या चौदा खोपट्यांत विषय पोचवला, फक्त ओडेलच्या कानावर जाऊ दिला नाही. मग माझ्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर आठवडाभर खल चालला. दोन-स्ट्रोक घ्यायचं की चार-स्ट्रोक? दोन-स्ट्रोक हलकं, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळायचा उपद्व्याप आणि खोपट्यात धूर. चार-स्ट्रोकला धूर कमी, पण वजन. आठ इंची की दहा? रोज त्या टेबलाशी बसणारा आयव्हर म्हणाला की दहा इंची भोकात गेल्या वर्षी त्याचा बूट गेला होता. डुवेन म्हणाला, बूट गेला तर गेला, पाय वर राहिला ना? मोठा वॉलआय मासा सहा-आठ इंचाच्या भोकातून ओढताना निसटतो, त्याचं दुःख बुटापेक्षा मोठं. शेवटी ठरलं, दहा इंची, दोन-स्ट्रोक, वरच्या रांगेतलं सगळ्यात ताकदवान. उभं केलं तर माझ्या हनुवटीला लागतं. कधी नव्हे ते गावाचं एकमत झालं होतं, आणि मीच त्याच्यावर लाल रिबीन बांधली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ओडेल नेहमीसारखा आला. टेबलाभोवती सगळे उभे, कुणी बसेना, तेव्हाच त्याला शंका आली असावी. डुवेननं खोकं पुढं ढकललं आणि सांगितलं की हे तुझं, आमच्या सगळ्यांकडून.

"अरे, नाही," ओडेल म्हणाला. "एवढं कशाला? नको."

सगळे हसले. पहिलं नको म्हणजे नमस्काराला नमस्कार.

डुवेन म्हणाला, घे रे, तू बत्तीस वर्षं केलंस, आमचं एवढंसं तरी राहू दे.

"नाही, खरंच नको," ओडेल म्हणाला. "डुवेन, तूच ठेव. तू तरुण आहेस. मला खरंच नको आहे."

आता ही दोन वाक्यं मी कितीदा तरी मनात उलगडून पाहिली आहेत. माणसानं याहून स्पष्ट काय बोलायचं? पण आमच्याकडे दुसरं नको असंच असतं, थोडं मोठ्यानं, थोडं हात हलवून. खरंच हा शब्द तर प्रत्येक जण घालतो. खऱ्या नकाराला आमच्याकडे वेगळा शब्दच नाही. सगळे तिसऱ्यांदा म्हणाले, घे ना. ओडेलनं सगळ्यांकडे पाहिलं, मग त्या खालच्या रांगेकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

"बरं," तो म्हणाला. "असं असेल तर."

टाळ्या वाजल्या, कॉफी ओतली गेली, मी केक कापला. खोकं त्यानं उघडलं नाही. डुवेननं उघडलं.

चार दिवसांनी मार्लिस दुकानात आली. रुमाल नाकावर, श्वास आधीच लागलेला. तिनं नाताळचे दिवे घेतले, ते पिशवीत ठेवले, आणि जायला निघाली नाही. मग तिनं विचारलं की डुवेनला तूच सांगितलंस ना. मी मान हलवली. मला वाटलं आभार मानायला आली आहे.

"तो ते निळं घेणार होता," मार्लिस म्हणाली. "मला म्हणाला, हातातलं गिरमिट असलं की मला कुणी बोलावणार नाही. नाही म्हणायची वेळच येणार नाही. मग मी येतो तुझ्याबरोबर. तीस वर्षांत त्या माणसानं स्वतःसाठी एवढी एक गोष्ट ठरवली होती, लव्हॉन. आणि तू तिला रिबीन बांधलीस."

तिनं आवाज चढवला नाही. चढवायला तिच्याकडे तेवढा श्वासच नव्हता. मी गल्ल्याच्या मागे उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, मी सांगते सगळ्यांना, मीच घोळ घातला, मीच निस्तरते. ती म्हणाली, बघ.

मी सांगितलं. दुसऱ्याच सकाळी टेबलापाशी उभी राहून सगळ्यांना सरळ सांगितलं की ओडेलला भोकं पाडायची नाहीत, त्याला बायकोबरोबर जायचंय, त्याला मोकळा करा. आधी ते हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग एकेकानं कप खाली ठेवला. वाईट माणसं नाहीत ती. उलट, तेच तर दुखणं होतं. डुवेनचा चेहरा पडला. ते म्हणाले, असं असेल तर आम्ही त्यालाच विचारतो, कुणाच्या मनाविरुद्ध आम्हाला काही नको. आणि मग एकेक जण, आपापल्या वेळी, टोपी हातात घेऊन ओडेलच्या दारात गेला.

आता विचार करा. तुमच्या दारात माणूस उभा आहे, ओशाळलेला, उणे वीस तापमानात, आणि तो म्हणतोय, तुला त्रास होत असेल तर सांग. त्याला कोण म्हणेल की हो, होतो? ओडेल प्रत्येकाला म्हणाला, छे, मला कसला त्रास? लव्हॉनला काहीतरी गैरसमज झालाय. सगळे सुटकेचा श्वास सोडून परतले. मी दारं उघडायला गेले आणि आणखी कुलपं लावून आले. त्यानंतर आठवडाभर टेबलावर माझीच चेष्टा चालली होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ भरवशाचा झाला आणि ओडेल तळ्यावर उतरला. ते नवीन यंत्र एका ओढीत सुरू व्हायचं. जुन्याची दोरी दहादा ओढावी लागायची, त्यात माणसाला वाटण्याची तरी सोय होती की आज नाही होणार. याच्यात तीही नाही. दहा इंची पातं, खाली बर्फ कुरकुरत वर येणार, दोन्ही हात आणि खांदे थरथरणार, एक झालं की दुसरं, एक खोपटं झालं की दुसरं. माझ्या खोपट्यात आला तेव्हा मी त्याला कॉफी देऊ केली. पहिल्यांदा नको म्हणाला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा विचारायचा मला धीर झाला नाही. भोकं पाडून तो गेला.

एकोणतीस डिसेंबरला तो दुकानात आला, पात्यांचा जोड हातात घेऊन. डुवेनच्या खोपट्याच्या जमिनीत एक खिळा होता, त्यावर पाती घासली आणि दोन्हींचे तुकडे उडाले. त्या यंत्राला बसणारी पाती आमच्याकडे खुंटीवर टांगलेली असतात, गल्ल्यापासून चार हातांवर. ती खुंटी ओडेलनंच ठोकून दिली होती. त्या दिवशी तिथं तीन जोड होते.

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "पाती संपलीत. मागवावी लागतील."

त्यानं खुंटीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. विचारलं, "किती दिवस?"

"तीन आठवडे. सणाचे दिवस, चारही लागतील."

"चार," तो म्हणाला. "मग काय करणार?"

"काय करणार," मी म्हटलं.

तो हसला. बत्तीस वर्षांपूर्वी पाणी उसळल्यावर हसायचा, तसा. बशीतला डोनट उचलला आणि गेला. मी ते तीन जोड काढून गल्ल्याखाली, पिशव्यांच्या मागे ठेवले. खोटं बोलल्याबद्दल देवाशी काय बोलायचं ते मी बघेन, असं मनाशी म्हटलं. त्या दिवशी ओडेल घरी गेला आणि माळ्यावरून त्यानं बॅग खाली काढली. धूळ पुसली. मार्लिसनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तिकीट अजून मिळत होतं, तिनं फोन करून पाहिलं होतं. सगळं मला मार्लिसकडून नंतर कळलं.

पण त्या वेळी आयव्हर खुंटीकडे पाठ करून बसला होता टेबलाशी, आणि आयव्हरनं डुवेनला सांगितलं की पाती महिनाभर येत नाहीत. डुवेनला वाटलं, खिळा माझा, चूक माझी. गेले काही दिवस त्याला तसंही ओडेलबद्दल चुटपुट लागली होती. दोन जानेवारीला बर्फाचं वादळ होतं. शाळा बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. डुवेन व्हॅन काढून नव्वद मैल शहरात गेला, तीन दुकानं पालथी घातली, पाती घेतली आणि नव्वद मैल परत आला. दोनदा गाडी खड्ड्यात गेली. संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्यानं ओडेलचं दार वाजवलं. भुवयांवर बर्फ, हातात पुडकं, आणि तोंडभर हसू. टेबलावर मटणाचे गोळे आणि बटाटे, कोपऱ्यात उघडी बॅग, त्यात ओडेलचे उन्हाळी शर्ट. डुवेनला बॅग दिसली, पण त्याला वाटलं मार्लिसची.

"आता तुझं अडायचं नाही," डुवेन म्हणाला.

ओडेलनं त्याला खुर्ची दिली, कोरडे मोजे दिले, जेवायला वाढलं.

तीन जानेवारीला मार्लिस गेली. मुलगी कॅरिन मिनिआपोलिसहून गाडी घेऊन आली होती, विमानतळापर्यंत सोडायला. शनिवार होता. मी दुकानाच्या खिडकीतून गाडी जाताना पाहिली, पुढं दोन डोकी, मागं कुणी नाही. तासाभरानं तळ्याकडून यंत्राचा आवाज आला. एका ओढीत सुरू झालं.

त्यानंतर दोन आठवडे ओडेल दुकानात आला नाही. आला तेव्हा त्याला पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल हवं होतं. दुकानात मी एकटीच होते. मी बाटली दिली, आणि विचारलं मार्लिस कशी आहे. म्हणाला, वाईट नाही. मग म्हणाला, झोप लागते तिला. रात्रभर झोपते. फोनवर तिचा श्वास ऐकू येत नाही, इतकं बरं आहे. पहिल्यांदा वाटलं लाइनच तुटली.

मी म्हटलं, "ओडेल, माझ्यामुळे झालं हे. मला माफ कर."

"तुझ्यामुळे नाही," तो म्हणाला. बाटलीवरचं लेबल अंगठ्यानं खरवडत राहिला. "तिनं विचारलं होतं मला. डुवेन गेल्यावर, भांडी विसळताना विचारलं, येतोस का? मी म्हटलं, नको, आता पाती आलीत, पोरं वाट बघतील. मग सकाळी गाडीत बसल्यावर काच खाली करून विचारलं, येतोस का, ओडेल? मी म्हटलं, तू हो पुढं."

त्यानं बाटली आडवी केली, परत उभी केली.

"मी गाडीच्या दाराला हात लावून उभा होतो," तो म्हणाला. "हातमोजा नव्हता, तरी काढला नाही हात. बॅग घराच्या दाराच्या आत भरलेलीच होती, मी रिकामी केली नव्हती ती. मला वाटलं, विचारेल. तिला काय आपली पद्धत माहीत नाही? इथंच वाढली ती. तिनं माझ्याकडे बघितलं, चांगलं बघितलं. आणि काच वर केली."

मार्लिसला पद्धत माहीत होती. तिला ती पुरती माहीत होती, म्हणूनच ती दोनवर थांबली, हे मला तिथं गल्ल्यापाशी उभ्याउभ्या कळलं. तिला एकदा तरी आग्रहाशिवाय हो हवं होतं. ओडेलला हे कळलं होतं की नाही, मी सांगू शकत नाही. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. दोन्हींपैकी काही केलं नाही. मी वाकून गल्ल्याखालचे पात्यांचे तीन जोड काढले आणि त्याच्यासमोर ठेवले. त्यानं ते पाहिले. आश्चर्य वाटल्याचं नाटक केलं नाही.

मग मी म्हटलं, "अजून दोन महिने आहेत. तू जा ना तिकडे."

"नको गं," तो म्हणाला.

"फोन इथं आहे. मी तिकीट काढून देते. जाशील का?"

"नको. इथं बरं आहे."

मला ठाऊक होतं मी काय करतेय, आणि त्यालाही ठाऊक होतं. त्यानं बाटली खाली ठेवली. बाहेर डुवेनची व्हॅन येऊन थांबली होती आणि इंजिन चालूच होतं. मी माझ्या आवाजात होती नव्हती तेवढी सगळी माया घातली आणि तिसऱ्यांदा विचारलं, "ओडेल, जातोस का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, असं असेल तर. त्याचे ओठ हललेसुद्धा.

"तू विचारून काय होणार, लव्हॉन," तो म्हणाला.

त्यानं पैसे ठेवले, तेलाची बाटली खिशात घातली आणि पात्यांचा एक जोड उचलला, एखादा हाताशी असलेला बरा म्हणून. दार लोटून तो बाहेर गेला. डुवेननं आतूनच व्हॅनचं दुसरं दार उघडून धरलं होतं, आणि मागे, दोन्ही बाजूंनी नीट बांधलेलं, ते गिरमिट उभं होतं.